प्लॉटचा दलाल आणि सरकारी परवाना : महारेराचा कायदा समजून घेऊ या

खान्देशात ज्याच्या हाती चार पैसे उरतात तो ते बहुधा दोनच ठिकाणी ठेवतो. एक तर जळगावच्या सराफ्यात सोन्यात, नाहीतर गावाबाहेरच्या एखाद्या प्लॉटमध्ये. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या आमच्या बंधूंना तर बँकेतील मुदतठेवीपेक्षा जमीनच जवळची वाटते. धुळ्याचा यंत्रमाग कारागीर, भुसावळचा शिवणकाम करणारा, चोपड्याचा किराणा दुकानदार, सगळ्यांचा हिशेब एकच असतो : मुलीच्या लग्नाच्या किंवा मुलाच्या शिक्षणाच्या वेळी प्लॉट कामी येईल.

सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क पाहायला आता सारेच शिकले आहेत. मग प्लॉट घेताना काय पाहतो? बहुतेक वेळा दलालाचा चेहरा आणि त्याची जबान. "भाई, आपल्याच माणसाचा लेआउट आहे, कागद सगळे साफ आहेत," एवढ्या एका वाक्यावर पाच-पाच लाख रुपये हातातून जातात. या दलालावर सरकारने कोणती बंधने घातली आहेत, त्याला परवाना कोण देते आणि तो कसा तपासावा, हे प्रत्येक घेणाऱ्याने समजून घ्यावे. तसेच आमच्या वाचकांपैकी जे दुकान सांभाळून जोडधंदा म्हणून प्लॉटची दलाली करतात, त्यांनी तर हा लेख दोनदा वाचावा.

कायदा कसा आला

दलालाला परवाना ही गोष्ट व्यापाऱ्याला नवी नाही. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात अडत्या, दलाल, तोलारी यांना समितीचा परवाना लागतो. हा कायदा महाराष्ट्रात १९६३ पासून आहे. शेतकऱ्याच्या एका गाडी मालाचा सौदा करायला परवाना लागत होता, पण माणसाच्या आयुष्यभराच्या कमाईचा सौदा करायला काहीच लागत नव्हते. चहाच्या टपरीवर बसून, खिशात चार नकाशे ठेवून कोणीही दलाल होत असे.

ही उणीव संसदेने २०१६ मध्ये दूर केली. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हे त्या कायद्याचे नाव. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्याला 'रेरा' म्हणतात. त्याची काही कलमे १ मे २०१६ पासून आणि उरलेली १ मे २०१७ पासून लागू झाली. कायदा देशाचा असला तरी अंमलबजावणीसाठी प्रत्येक राज्याने आपले प्राधिकरण नेमायचे आहे. महाराष्ट्राने मार्च २०१७ मध्ये महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजे 'महारेरा', स्थापन केले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे.

ज्यांची मुले दुबईत नोकरीला आहेत त्यांनी 'रेरा' हे नाव आधीच ऐकले असेल. तिथे २००७ मध्ये जमीन खात्याच्या अंतर्गत याच नावाची संस्था स्थापन झाली आणि नोंदणीशिवाय दलालीला बंदी आली. अमेरिकेतील राज्यांमध्ये तर घरे-जमिनी विकून देणाऱ्याला परीक्षा घेऊन परवाना देण्याची पद्धत फार जुनी आहे. आपण त्या मानाने उशिरा जागे झालो.

दलाल कोणाला म्हणावे

कायद्याने दलालाची व्याख्या फार रुंद केली आहे. प्लॉट, सदनिका किंवा इमारत यांच्या खरेदी-विक्रीत एका पक्षाच्या वतीने बोलणी करणारा, किंवा घेणाऱ्याची व विकणाऱ्याची गाठ घालून देणारा, आणि त्याबद्दल मोबदला घेणारा माणूस म्हणजे एजंट. त्याने स्वतःला काय म्हणवून घेतले आहे याला महत्त्व नाही. मध्यस्थ, ब्रोकर, प्रॉपर्टी डीलर, सल्लागार, काहीही नाव असो. मोबदल्याला दलाली म्हटले काय, 'खर्चापाणी' म्हटले काय किंवा 'मिठाई' म्हटले काय, कायद्याच्या नजरेत ते एकच.

कलम ९ सांगते की नोंदणी घेतल्याशिवाय कोणत्याही एजंटाने महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातील प्लॉट वा सदनिकेचा सौदा जुळवू नये. कायद्यात शब्द 'नोंदणी' आहे; पण ती नसेल तर काम करता येत नाही आणि चुकले तर ती काढून घेता येते, म्हणून व्यवहारात तिला परवानाच समजावे.

इथे एक खुलासा हवा. भाड्याने घर किंवा दुकान मिळवून देणे या कायद्यात येत नाही. जुन्या बांधलेल्या घराची एका मालकाकडून दुसऱ्याकडे होणारी विक्रीही सामान्यतः यात येत नाही. कायद्याचा रोख नव्या प्रकल्पांवर, म्हणजे बिल्डरच्या इमारतींवर आणि प्लॉट पाडून विकणाऱ्या लेआउटवर आहे. खान्देशात धोका नेमका तिथेच जास्त असतो.

परवाना कसा मिळतो

अर्ज महारेराच्या संकेतस्थळावर करायचा असतो. पॅन कार्ड, छायाचित्र, धंद्याच्या जागेचा पुरावा, मागील तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे (विवरणपत्र भरणे लागू नसेल तर तसे घोषणापत्र) असे कागद लागतात. २०१७ च्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीसाठी फी १० हजार रुपये आणि भागीदारी, कंपनी वगैरेंसाठी १ लाख रुपये ठेवण्यात आली. नोंदणी पाच वर्षांसाठी असते, नंतर नूतनीकरण करावे लागते.

ही नोंदणी संपूर्ण राज्यासाठी चालते. जळगावचा एजंट धुळ्यात, नाशकात किंवा पुण्यात काम करू शकतो. पण राज्याची हद्द ओलांडली की तिचा उपयोग नाही. रावेरचा माणूस बऱ्हाणपुरात प्लॉट विकून देऊ लागला तर त्याला मध्य प्रदेशच्या प्राधिकरणाची नोंदणी हवी. नवापूरचा माणूस सुरतेत सौदे करू लागला तर गुजरातची हवी. आमच्या व्यापाऱ्यांची नातीगोती आणि धंदा या दोन्ही शहरांशी जोडलेला आहे, म्हणून हे लक्षात ठेवावे.

सुरुवातीला फक्त कागद आणि फी पुरेशी होती. त्यामुळे परवाना हाती आला, पण ज्ञान आले नाही. कायदा काय म्हणतो हे अनेक एजंटांनाच ठाऊक नव्हते. म्हणून महारेराने जानेवारी २०२३ मध्ये आदेश काढून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. प्रशिक्षणाचे काम अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेच्या समन्वयाने होते आणि परीक्षा बँकांच्या नोकरभरतीची परीक्षा घेणारी 'आयबीपीएस' ही संस्था घेते. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. पास झालेल्याला सक्षमता प्रमाणपत्र मिळते. मोठ्या फर्मच्या वतीने गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या नोकरांनाही ते घ्यावे लागते.

जुन्या एजंटांना १ जानेवारी २०२४ पर्यंत मुदत होती. ज्यांनी प्रमाणपत्र मिळवून संकेतस्थळावर चढवले नाही अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी मे २०२४ मध्ये स्थगित झाली. म्हणजेच भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र खरे असले तरी ते आज चालू आहे की नाही हा वेगळा प्रश्न आहे. आमच्या तरुण मंडळींना यातून एक संधीही दिसावी. बारावी झालेला, कागद वाचता येणारा, हिशेबाला चोख मुलगा ही परीक्षा देऊन इज्जतीचा धंदा उभा करू शकतो. भांडवल लागते ते मुख्यतः विश्वासाचे.

एजंटाची कर्तव्ये

कलम १० मध्ये एजंटाने काय करावे आणि काय करू नये ते स्पष्ट लिहिले आहे. ज्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक असून झालेली नाही, त्यातील प्लॉट वा सदनिका त्याने विकायला मदत करू नये. आयकर कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या आणि कागदपत्रे ठेवावीत. नसलेल्या सोयी असल्याचे सांगू नये, नसलेल्या मंजुरीचा दाखला देऊ नये. आणि घेणाऱ्याला ज्या माहितीचा व कागदांचा हक्क आहे ते सगळे बुकिंगच्या वेळीच त्याच्या हाती पडेल असे पाहावे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'कागद शेठजींकडे आहेत, नंतर दाखवू,' हे उत्तर देण्याचा एजंटाला आता अधिकारच नाही.

याशिवाय नोंदणीचे प्रमाणपत्र धंद्याच्या ठिकाणी दिसेल असे लावावे आणि प्रत्येक कागदावर व जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा असा नियम आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही छापावा लागतो. मोबाइलने तो कोड टिपला की प्रकल्पाचे सरकारी पान उघडते. हा नियम मोडल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवलेला आहे.

दलालीचा दर मात्र कायद्याने ठरवलेला नाही. तो दोन्ही बाजूंनी आधी ठरवून घ्यावा, लिहून घ्यावा आणि त्याची पावती घ्यावी. आमच्या कापड धंद्यात सुरतेच्या दलालाची टक्केवारी माल उचलण्याआधीच ठरते, मग तागा कमी निघो की जास्त. जमिनीच्या सौद्यात मात्र लोक संकोचतात आणि शेवटी खरेदीखताच्या दिवशी निबंधकाच्या दारात तंटा होतो.

दंडाचा हिशेब

व्यापाऱ्याला आकड्यांची भाषा लवकर समजते, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा एका लेआउटमधील १२ लाखांचा प्लॉट एका विनानोंदणी दलालाने विकून दिला आणि १ टक्क्याने १२ हजार रुपये दलाली घेतली. कलम ६२ प्रमाणे त्याला कसूर चालू असेपर्यंत दररोज १० हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो एकूण मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. १२ लाखांचे ५ टक्के म्हणजे ६० हजार. ही मर्यादा अवघ्या सहा दिवसांत गाठली जाते. बारा हजार मिळवायला जाऊन साठ हजार गमावणे हा कोणत्या धंद्याचा हिशेब? आणि हे एका प्लॉटचे झाले. अशा दलालाने वर्षात दहा प्लॉट विकले असतील तर गुणाकार त्यानेच करावा.

नोंदणी असलेला एजंटही सुटत नाही. खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली किंवा अटी मोडल्या तर त्याचे म्हणणे ऐकून घेऊन नोंदणी रद्द किंवा स्थगित करता येते. अपील न्यायाधिकरणाचा आदेश न पाळणाऱ्या एजंटाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

खान्देशातील खरी अडचण

मुंबई-पुण्यात प्रश्न मोठ्या इमारतींचा असतो. आपल्याकडे तो प्लॉटचा आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका २००३ मध्ये झाल्या. शहरे महामार्गांच्या कडेने पसरली. धुळ्यातून तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते जातात. रस्ता आला की त्यामागे नकाशा घेऊन दलाल येतो.

आता कायद्याची मर्यादा पाहा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे साधारण पाच गुंठे. आपल्या मोहल्ल्यांतील अनेक इमारती तळमजल्यावर दुकाने आणि वर चार-सहा सदनिका अशा असतात. त्या महारेराच्या बाहेर राहतात. तिथे घेणाऱ्याला आपले रक्षण स्वतः करावे लागते. फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे.

पण काही लोक या सवलतीचा गैरफायदा घेतात. दोन एकर शेत घ्यायचे, त्याचे तुकडे वेगवेगळ्या नावांवर दाखवायचे आणि 'आमचे काम लहान आहे, रेरा लागत नाही' असे सांगायचे. कायद्यात ही मर्यादा सर्व टप्पे मिळून मोजायची आहे, हे ध्यानात असू द्यावे.

त्याहून मोठा धोका बिनशेती न झालेल्या जमिनीचा. सातबाऱ्यावर शेती आणि दलालाच्या नकाशावर बाग, शाळा आणि मशिदीची जागा! असा गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा साध्या स्टॅम्पपेपरवर घेतला जातो. शेतजमिनीचे तुकडे पाडण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने बंधने घातली आहेत. त्यात आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्यात वेळोवेळी सवलती मिळाल्या, तरी 'पुढे नियमित होईल' या आशेवर पैसे गुंतवणे म्हणजे न विणलेल्या कापडाचे पैसे मोजणे आहे. नोटरीचा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे.

आणखी एक गोष्ट आमच्या समाजात वारंवार आढळते. जमीन वारसाहक्काची असते, सही मात्र फक्त भावांची असते. बहिणींचा हिस्सा शरियतनेही आहे आणि त्या पुढे न्यायालयात उभ्या राहिल्या तर घेणाऱ्याचा प्लॉट अडकतो. म्हणून फेरफार नोंद पाहावी आणि सर्व वारसांच्या सह्या मागाव्यात.

घेणाऱ्याने काय पाहावे

पहिले, एजंटाचा नोंदणी क्रमांक मागावा. एजंटाचा क्रमांक इंग्रजी 'ए'ने आणि प्रकल्पाचा 'पी'ने सुरू होतो. महारेराच्या संकेतस्थळावर हे दोन्ही विनामूल्य तपासता येतात. स्वतःला जमत नसेल तर घरातील शाळकरी मुलाला सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरे, प्रकल्पाचे पान उघडून मालक कोण, मंजूर नकाशा कोणता, किती प्लॉट वा सदनिका विकल्या, काम पूर्ण करण्याची तारीख कोणती, कोर्टात दावा आहे का, हे वाचावे. प्रवर्तकाने नोंदणीच्या अर्जात आपल्या एजंटांची नावेही द्यायची असतात. तुमचा दलाल त्यात आहे का ते बघावे.

तिसरे, कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. १२ लाखांच्या प्लॉटला १ लाख २० हजार. त्यापुढे एक रुपया द्यायच्या आधी दुय्यम निबंधकाकडे करार नोंदवा.

चौथे, इसार रोखीने देऊ नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर जून २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आणली. चेक किंवा बँकेतून दिलेली रक्कम हाच पुढे तुमचा साक्षीदार होतो.

पाचवे, सदनिका असेल तर भाव चटईक्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतील वापरायच्या जागेवर मोजून घ्या. जिना आणि गच्ची मिळवून फुगवलेल्या आकड्यावर नव्हे.

हे सर्व केल्यावरही वकिलाकडून मालकी हक्काचा शोध घ्यावाच. महारेराची नोंदणी म्हणजे सरकारने जमिनीची हमी घेतली असे नाही. माहिती उघड करायला लावणे हे प्राधिकरणाचे काम. ती वाचणे हे आपले.

तक्रार कुठे करावी

नोंदलेल्या प्रकल्पाच्या बिल्डरविरुद्ध किंवा एजंटाविरुद्ध कलम ३१ खाली महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. नियमांत फी पाच हजार रुपये आहे. दूरदृश्य पद्धतीने सुनावणी होत असल्याने जळगाव-धुळ्याच्या माणसाला प्रत्येक तारखेला मुंबई गाठावी लागत नाही. आदेश पटला नाही तर ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. न भरलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होते. आदेश मिळाला तरी वसुलीला वेळ लागतो, हेही खरे. म्हणून तक्रारीपेक्षा आधीची पाच मिनिटांची तपासणी स्वस्त पडते.

ताबा वेळेवर न मिळाल्यास कलम १८ प्रमाणे पैसे व्याजासह परत मागता येतात. व्याजाच्या रकमेबाबत ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या उलमांना विचारावे. पण मुद्दल सोडून देणे ही परहेजगारी नाही, तो घरच्यांवर अन्याय आहे.

दोन शब्द दलाल बंधूंना

प्रामाणिक दलाली ही जुनी आणि हलाल रोजी आहे. या कायद्याने ती बंद केलेली नाही, उलट तिला दर्जा दिला आहे. मोहल्ल्यातला माणूस तुमच्याकडे येतो तो तुमच्या नावावर, बिल्डरच्या नावावर नाही. लेआउट बुडाला तर बिल्डर दुसऱ्या शहरात जाऊन नवी पाटी लावतो. तुम्हाला मात्र त्याच गल्लीतून, त्याच मशिदीच्या सफेत, त्या माणसाच्या शेजारी उभे राहायचे असते. म्हणून परीक्षा द्या, नोंदणी घ्या, क्रमांक पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा. ज्या प्रकल्पाची नोंदणी नाही त्याचा नकाशा खिशात ठेवू नका. आणि घेणाऱ्याने क्रमांक विचारला तर राग मानू नका. आमच्या दुकानात गिऱ्हाईक कापडाचा काठ चोळून, पाण्याचा थेंब टाकून पाहते, तेव्हा आम्ही राग मानत नाही. ज्याचा रंग पक्का आहे त्याला पाण्याची भीती नसते.